शून्य टाकू नये

आमच्या ग्रुपवर बेचाळीस माणसं होती आणि त्यांतल्या चाळिसांचा मला कधी ना कधी राग आलेला आहे. उरलेल्या दोघांत एक मी आणि एक माझा नवरा. नवऱ्याचा राग आला नाही याचं कारण एवढंच, की तो ग्रुपवर कधी काही लिहायचा नाही.

ग्रुप पाऊस मोजणाऱ्यांचा होता. मी शाळेत भूगोल शिकवायची. सातवीच्या मुलांकडून प्लास्टिकची बाटली कापून तिच्यावर नरसाळं बसवून पर्जन्यमापक करून घ्यायचं, हा माझा दरवर्षीचा ठरलेला प्रयोग. मुलं आठवड्याभरात विसरायची आणि घरी बाप मोजत बसायचे. अशा चार-पाच बापांनी मिळून व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला आणि मला त्याची अॅडमिन करून टाकलं. मग ओळखीतून ओळखी निघत गेल्या. देवगाव रंगारीचे एक शेतकरी आले, वेरूळला लेणी दाखवणारा एक गाईड आला, फुलंब्रीत वह्यापेनांचं दुकान असलेला एक तरुण आला. बाकीचे शहरातलेच, सिडको, गारखेडा, सातारा परिसर. बाटल्या जाऊन काचेच्या खुणा केलेल्या नळ्या आल्या. नियम साधा. सकाळी साडेआठला नळीतलं पाणी बघायचं, मागच्या चोवीस तासांचा आकडा मिलिमीटरमध्ये ग्रुपवर टाकायचा, नळी रिकामी करायची. संध्याकाळी मी सगळ्यांचे आकडे तक्त्यात भरायची. यातून कुणाला काही मिळायचं नाही. कुणी तिकिटं जमवतं, कुणी काडेपेट्या. आम्ही पाऊस जमवायचो आणि ओतून द्यायचो.

पहिल्या वर्षी मजा आली. पुढची दोन वर्षं पावसानं तोंड काळं केलं.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं. धरण उशाला आणि कोरड घशाला, असं आमच्याकडं नेहमीच म्हणायचे. त्या दोन वर्षांत धरणातही चिखल दिसायला लागला. आमच्या कॉलनीत आठवड्यातून एकदा नळ यायचा, तोही करंगळीएवढा. सोसायटीच्या टाकीत टँकर ओतायचे आणि कुणी किती बादल्या नेल्या यावरून सख्खे शेजारी हमरीतुमरीवर यायचे. पण शहर वाढायचं काही थांबत नव्हतं. आमच्या इमारतीच्या पूर्वेला आम्ही राहायला आलो तेव्हा बाजरीचं रान होतं, तिथं सात मजली सांगाडा उभा राहिला. त्याच्या सिमेंटवर दिवसभर बोअरचं पाणी मारलेलं मी गच्चीवरून बघायची आणि दात-ओठ खायची. त्या सांगाड्याच्या आडोशामुळे मला माझं मापक तीनदा हलवावं लागलं. भिंतीच्या आडोशाला ठेवलेलं मापक खोटं बोलतं, हे मीच सगळ्यांना शिकवलं होतं.

पाऊस नसला की पाऊस मोजणाऱ्यांना काम उरत नाही, आणि रिकामं मन म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. एक गृहस्थ रोज पहाटे फुलांचा गुच्छ पाठवायचे. एक निवृत्त इंजिनिअर परदेशी उपग्रहाचे लाल-निळे नकाशे टाकून ‘येत्या बहात्तर तासांत’ असं लिहायचे; त्यांचे बहात्तर तास दोन वर्षं चालू होते. एक बाई बेडकांच्या लग्नाचे फोटो टाकायच्या, तेच फोटो पुन्हा पुन्हा, जणू बेडकांनी घटस्फोट घेऊन पुन्हा बोहल्यावर चढायचं ठरवलं होतं. यांना मी कधी गोडीनं, कधी दम देऊन ताळ्यावर आणायची. अॅडमिन होणं म्हणजे वर्गाचा मॉनिटर होणं; खडू हातात असला की वाईट मुलांची नावं फळ्यावर लिहायची हौस येतेच.

पण या सगळ्यांवर कडी करणारे एक काका होते.

काका फुलंब्रीच्या पलीकडं, रस्त्यापासून बऱ्याच आत, वीस-बावीस घरांच्या एका वस्तीवर राहायचे. ते आणि त्यांची बायको, दोघंच. पाटबंधारे खात्यात पाटकरी म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली होती, म्हणजे कालव्याचं पाणी कुणाच्या शेतात किती वेळ सोडायचं ते बघणं आणि तलावाची पातळी रोज सकाळी वर कळवणं. निवृत्त झाल्यावर पातळी कळवायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी फुलंब्रीच्या दुकानदार पोराकडून आमची माहिती काढली आणि ग्रुपवर आले. त्यांचा रोजचा मेसेज मला अजून तोंडपाठ आहे. ‘सादर नमस्कार. वेळ सकाळी साडेआठ. पर्जन्यमान शून्य. वारा पश्चिमेचा. आभाळ स्वच्छ. टँकर आला नाही. माहितीस्तव सादर.’ त्याखाली रिकाम्या नळीचा फोटो. नऊ वाजता, ‘मॅडम, नोंद झाली का?’ मी वर्गावर असायची, उत्तर जायचं नाही. साडेनऊला पुन्हा, ‘मॅडम, नोंद झाली का?’ मी ‘हो’ लिहीपर्यंत त्यांचा जीव भांड्यात पडायचा नाही.

कुणी फुलांचा गुच्छ पाठवला की त्या गुच्छालाही ते ‘सादर नमस्कार’ म्हणायचे. इंजिनिअरसाहेबांच्या नकाशाखाली ‘आमचे गाव यात कोठे आहे?’ असं रोज विचारायचे. उत्तर मिळालं की दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे, कारण नकाशा नवा असायचा.

एकदा आम्ही सगळे एका बागेत भेटलो होतो, घरून डबे आणून. काका पांढऱ्या कपड्यांत, पिशवीत गुंडाळलेलं रजिस्टर घेऊन आले. बाकीचे थालीपीठ आणि लोणच्याची वाखाणणी करत असताना ते एकेकाला गाठून विचारत होते, तुमची नळी कुठं ठेवली, तोंड किती इंचाचं, भिंत किती लांब. मलाही विचारलं. आडोशाचं मी काही बोलले नाही. त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. पानंच्या पानं शून्य, एकाखाली एक, सरळ रेषेत, प्रत्येक शून्याला तारीख आणि सही. मी ‘वा, छान’ म्हणून पापड घ्यायला उठले.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी जूनही तसाच कोरडा सुरू झाला. ग्रुपवर कुरकुर वाढली. रिकाम्या नळ्यांच्या फोटोंनी फोन भरतोय, असं सिडकोतल्या दोघांचं म्हणणं. वेरूळच्या गाईडनं मला खासगीत लिहिलं, ‘मॅडम, सकाळी सकाळी शून्य वाचून दिवस खराब जातो. मी निघतो ग्रुपमधून.’ मलाही ते खरंच वाटलं. शाळेत मुलं पाण्याच्या बाटल्या घरून आणत नव्हती, घरी मी भांडी राखेनं घासत होते, आणि हातातल्या फोनमध्ये चाळीस शून्यं. मी नियम काढला. शब्द माझेच होते, म्हणून आठवतात. ‘ज्यांच्याकडे पाऊस झालेला नाही त्यांनी शून्य टाकू नये. नोंद आली नाही तर पाऊस नाही असे समजले जाईल.’ पंचवीस-तीस अंगठे वर आले.

दुसऱ्या दिवशी साडेआठला काकांचं शून्य हजर.

मी नियमाची आठवण दिली. त्यावर त्यांचं उत्तर आलं. ‘मॅडम, नोंद नसणे आणि पाऊस नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोजणारा आजारी असू शकतो. परगावी असू शकतो. कृपया विचार व्हावा.’

ते बरोबर होते. मी हेच वर्गात शिकवलेलं होतं, फळ्यावर रकाने आखून. आणि ज्याला आपण चुकीचं ठरवू शकत नाही त्या माणसाचा राग जास्त येतो, हे मला तेव्हा पुरतं कळलं. त्यांनी रोज शून्य टाकणं चालू ठेवलं आणि रोज खाली तोच मजकूर, मोजणारा आजारी असू शकतो, परगावी असू शकतो, कृपया विचार व्हावा. आठवडा झाला, वर दोन दिवस झाले. लोक मला लिहायला लागले की मॅडम, तुमचा नियम फक्त आम्हालाच का.

एका सकाळी नळाचा दिवस होता आणि नळ आला नाही. त्या तिरीमिरीत मी ग्रुपवर लिहिलं, ‘काका, तुमच्याकडे पाऊस नाही हे आता अख्ख्या मराठवाड्याला पाठ झालंय. पडला की कळवा. तोवर नळीला विश्रांती द्या आणि आम्हालाही.’ खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. वीस तरी असतील. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. असं नेमकं लिहायला जमल्याचा आनंद झाला.

काकांचं उत्तर आलं. ‘ठीक आहे. आजची नोंद : शून्य.’

मी त्यांना काढून टाकलं. एक बोट लागतं त्याला.

दुपारी त्यांचा फोन आला, मी उचलला नाही. संध्याकाळी पुन्हा आला. मग मेसेज आला, ‘मॅडम, मला ग्रुप दिसत नाही. माझ्या मोबाईलमध्ये दोष आहे का?’ मी तो वाचला आणि फोन पालथा ठेवला. नवऱ्यानं विचारलं, ‘कोण गं?’ मी म्हटलं, ‘कुणी नाही, शून्यवाले काका.’ तो म्हणाला, ‘सांगून टाक की त्यांना, काढलंय म्हणून.’ ‘कळेल त्यांचं त्यांना,’ मी म्हटलं.

ग्रुप शांत झाला. वेरूळचा गाईड खुशीत, सिडकोवाले खुशीत. मीही.

आठ-दहा दिवसांनी, जुलैच्या सुरुवातीला, एका रात्री पाऊस आला. वळवासारखा, कुठं पडला कुठं नाही. बैलाचं एक शिंग भिजतं नि दुसरं कोरडं राहतं, तसला. सकाळी साडेआठला ग्रुपवर नुसती झुंबड. शहरात एकोणीस, कुठं सोळा. फुलंब्रीचा दुकानदार अठ्ठावीस. फुलंब्रीच्याही पुढं, कन्नड रस्त्याला एक निवृत्त ग्रामसेवक होते, त्यांच्याकडं चोवीस. लोकांनी ओल्या नळ्यांचे फोटो टाकले, कुणी भज्यांचे टाकले, आणि मी कुणाला काही म्हटलं नाही.

दुपारी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो एका स्थानिक पेपरात बातमीदार होता. ‘बाई, तुमचा तक्ता द्या ना. गावागावाचा पाऊस, हौशी लोकांनी मोजलेला. फोटोसहित टाकतो.’

मी तक्ता काढला. काकांना ग्रुपवरून काढलं होतं, पण तक्त्यातून त्यांच्या गावाची ओळ काढली नव्हती. त्या दोघांच्या मधल्या पट्ट्यात तेवढं एकच गाव होतं आमच्याकडं, नकाशा तिकडं बोडका दिसला असता. आता त्या ओळीत रकाना कोरा. माझ्याच नियमाप्रमाणे तिथं शून्य भरायला हवं होतं. पण वर अठ्ठावीस, खाली चोवीस आणि मधेच शून्य? वाचणाऱ्याला वाटेल, छापताना चूक झाली. मोजणी चुकली असेल तर शेजारच्या दोन ठिकाणांची सरासरी घ्यावी, असं पुस्तकात दिलेलं आहे. मी घेतली. सव्वीस. पाठवताना त्याच्यापुढं एखादी फुली, एखादी टीप टाकावी असं मनात आलं होतं, ते मला नीट आठवतं. टीप टाकली की तक्ता गबाळा दिसतो. मी टाकली नाही.

तिसऱ्या दिवशी तक्ता छापून आला. बाजूला माझा फोटो, गच्चीवर, नळी हातात. फोटोत मागं तो सात मजली सांगाडा दिसू नये म्हणून मी मुद्दाम कडेला उभी राहिले होते. मुख्याध्यापकांनी कात्रण नोटीस बोर्डावर लावलं.

तीन आठवडे गेले. त्या पावसानंतर पुन्हा काही नव्हतं. मग एका दुपारी फुलंब्रीच्या दुकानदाराचा फोन आला. एरवी तो लिहायचा, फोन करायचा नाही.

‘मॅडम, ते आपले पाटकरी काका. त्यांच्या घरच्या काकू विहिरीत पडल्या.’

‘काय सांगतोस?’

‘जित्या हायेत. खुब्याचं हाड मोडलं. शहरातनं प्लॅस्टर-बिस्टर करून आणलं घरी, पण आता उठायचं काय खरं नाय म्हणतेत डॉक्टर.’

‘विहिरीवर कशाला गेल्या या वयात?’

‘पाण्याला. टँकर बंद झाला ना वस्तीचा. जूनअखेरला बंदच करतेत सगळीकडं. जिथं पाऊस नाय तिथं वाढवून देतेत. काका चार चकरा मारून आले ऑफिसात. तिथं म्हणले, तुमच्याकडं तर सव्वीस मिलिमीटर झालाय, पेपरात आलंय. मॅडम, एक विचारू का? काकांच्या गावचा आकडा कुणी दिला व्हता? ते तर तव्हा ग्रुपवर नव्हते.’

‘बघते,’ मी म्हटलं आणि फोन ठेवला.

बघायचं काय होतं त्यात. मी खुर्चीत बसून राहिले. पहिला विचार काय आला तोही सांगते, कारण लपवण्यात अर्थ नाही: हे कुणाला कळेल का? कुणाला कळणार नव्हतं. ग्रुपवर एकानंही विचारलं नव्हतं. सव्वीस हा आकडा अठ्ठावीस आणि चोवीसच्या मधोमध इतका शहाण्यासारखा बसला होता, की कुणाची नजर तिथं अडकलीच नव्हती.

मग मी जे जमेल ते केलं, आणि ते फार नव्हतं. बातमीदाराला फोन केला. तो म्हणाला, ‘बाई, तीन आठवड्यांपूर्वीचा पाऊस आता कोण वाचणार? जागा मिळाली तर बघतो.’ मी एक पत्र लिहिलं, माझी सही केली, तो आकडा मोजलेला नाही असं त्यात स्वच्छ लिहिलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून तालुक्याला देऊन आले. पत्र घेणारा माणूस म्हणाला, ‘त्या वस्तीचा टँकर परवाच चालू झाला, मॅडम. बाई विहिरीत पडल्यावर पाहणी झाली ना.’ पत्रावर शिक्का मारून त्यानं पोच दिली.

रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. काकांना आता फोन करू का, असं विचारलं. तो सहसा मला काही सुनावत नाही. म्हणाला, ‘त्यांनी केला तेव्हा उचलला नाहीस. आता समोर जाऊनच सांग.’

रविवारी मी फुलंब्रीला बसनं उतरले आणि दुकानदारानं मला मोटारसायकलवर वस्तीकडं नेलं. शहर सोडून बराच वेळ झाला तरी दोन्ही अंगांना शेतांत चुन्यानं रंगवलेले दगड दिसत होते, प्लॉटचे. मग ते संपले आणि नुसतं रान लागलं. कोरडी ढेकळं, कपाशीचा कोंबही नाही. सव्वीस मिलिमीटर पडला असता तर निदान उगवून करपलेली तरी दिसली असती. भूगोल शिकवणाऱ्या बाईला हे रस्त्यावरूनही दिसायला हवं होतं.

काका दारातच होते. आधीपेक्षा खंगलेले, पण कपडे तसेच पांढरे. ‘या मॅडम, या,’ म्हणाले. रागाचा लवलेश नाही, त्यामुळं मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पडवीत खाट होती, खाटेवर त्यांची बायको उताणी, कमरेखाली उशा रचलेल्या. भिंतीशी पाण्यानं भरलेले दोन ड्रम, तोंडाला फडकं बांधलेलं. अंगणात मधोमध दगडी खांब आणि त्यावर लोखंडी कडं. कड्यात नळी नव्हती.

‘बाईंना पाणी द्या की,’ त्या खाटेवरून म्हणाल्या. काकांनी तांब्या भरून आणला. त्या घरात पाणी नको म्हणायचं धाडस झालं नाही.

मी बोलायला तोंड उघडलं, तर काकाच सांगायला लागले. त्यांना बोलायला कुणीतरी हवं होतं. ‘माझ्यामुळंच झालं हे, मॅडम. ऑफिसात गेलो, म्हणलं माझ्या रजिस्टरला शून्य हाय. तर साहेबानं पेपर दाखवला. म्हणले, काका, शहरातली शिकलेली मानसं मोजतेत, ते काय उगं लिहितील का? मला पटलं ते. माझी नळी जुनी. म्हणलं, गळत आसंल, तडा गेला आसंल कुठं. घरी येऊन तपासायला बसलो. पानी वतायचं, मोजायचं, परत वतायचं. गळती काय घावंना. वतू वतू हंडा संपला, दुसऱ्यातलं बी अर्ध गेलं. घरात तेवढंच पानी होतं. माझ्या ध्यानातच राहिलं नाय.’

‘त्यातलं थोडं म्हशीला पाजलं हो,’ त्या म्हणाल्या, जणू त्यांची बाजू सावरत होत्या.

‘मग सकाळी ही गेली विहिरीला. पायऱ्या लई खाली, गाळानं निसरड्या. मी म्हणलं मी जातो, तर म्हणली तुमचं ते मोजनं चालू द्या.’ त्यांनी अंगणातल्या खांबाकडं बघितलं. ‘नळी मी काढून टाकली. रजिस्टर बी बंद. आता कशाचा भरवसा धरायचा? मागची सगळी पानं खरी का खोटी, मला काय माहीत.’

दुकानदार खाली मान घालून बसला होता. मला वाटलं आता सांगायचं. तेवढ्यात काकाच माझ्याकडं वळले.

‘तुम्ही आलाच हाव तर एक विचारतो. ते सव्वीस कुणाच्या नळीत पडलं? आमच्या शिवारात दुसरं कोण मोजत आसंल, तर मला त्याची नळी बघायची हाय. तोंड किती, खांब किती उंच, तेवढंच बघतो. म्हंजी माझं चुकलं कुठं ते कळंल.’

‘कुणाच्याच नाही, काका,’ मी म्हटलं. ‘तुमच्या गावचा आकडा माझ्याकडं नव्हता. मीच तुम्हाला ग्रुपवरून काढलं होतं. मग फुलंब्रीचा एक आकडा आणि पलीकडचा एक घेतला आणि मधला काढून तिथं लिहिला.’

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. समजून घ्यायचा प्रयत्न करत होते.

‘म्हंजी मोजलंच नव्हतं?’

‘नाही.’

‘पन छापून आलं होतं.’

‘मीच दिलं होतं छापायला. चूक माझी आहे. तुमच्या नळीला काही झालेलं नव्हतं.’

काका खाटेच्या पायथ्याशी टेकले. दोन्ही हात गुडघ्यांवर. मी हात जोडले, माफ करा म्हणाले, ते त्यांनी ऐकलं की नाही मला सांगता येणार नाही.

बोलल्या त्या खाटेवरून. आवाज चढवला नाही, मानही वळवता येत नव्हती, वर पत्र्याकडं बघतच बोलल्या. ‘मी काय म्हनत होते? त्या राती उकडतंय म्हणून अंगणात झोपलो होतो आपन दोघं. पार उजाडंपर्यंत. अंगावर एक थेंब आला का? तुमच्या आला का, माझ्या आला का? तर मलाच म्हनले, तू झोपंत आसशील. छापलंय म्हंजी पडला आसंल.’

काका खाली बघत म्हणाले, ‘व्हय. म्हणलो होतो.’

मग त्यांनी मला विचारलं. खोचून नाही, खरंच माहीत नसल्यासारखं.

‘बाई, न मोजता लिहिता येतं व्हय?’

‘येतं,’ मी म्हणाले.